रत्नागिरीची बोट

मराठींत 'बोट' हे दोन शब्द आहेत. एक हाताचें बोट, तें नपुंसकलिंगी. दुसरी समुद्रावरची बोट, ती स्त्रीलिंगी. एकाचें अनेकवचन बोटें, दुसरीचें बोटी. रत्नागिरीच्या मांडवी बंदरावर उभा राहून एखादा बाप आपल्या मुलाला बोटानें बोट दाखवूं लागला म्हणजे ह्या दोन शब्दांची गांठ पडे. पण त्यामुळें मुलाचा गोंधळ उडाला असें कधीं झालें नसेल. एक शब्द पिढीजात घरचा, दुसरा इंग्रजांच्या देशाहून आलेला. तरी दोघे एका ओळींत बसून तंटा करीत नाहींत, ह्याचें श्रेय लिंगाला आहे.

इंग्रजी भाषेंत निर्जीव वस्तूंना व्याकरणाचें लिंग नाहीं. मराठींत येणाऱ्या परक्या शब्दाला मात्र दारांतच आपलें लिंग सांगावें लागतें, आणि तें बहुधा घरांतल्या एखाद्या समानार्थी शब्दावरून ठरतें. नाव, होडी, नौका ह्या स्त्रीलिंगी. त्यांच्या पंगतींत बोट बसली. ती जर गलबत आणि जहाज ह्यांच्या पंगतीला बसती, तर 'तें बोट' झालें असतें, आणि मग हाताच्या बोटाशीं तिचें रोजचें भांडण ठरलेलें होतें.

येथवर सर्व सरळ आहे. चमत्कार पुढें आहे. ज्या अर्थानें हा शब्द इंग्लंडांत मुख्यतः वापरला जातो, त्या अर्थानें तो रत्नागिरीस रुजलाच नाहीं. इंग्रजी दर्यावर्दी माणसाच्या मतें बोट म्हणजे लहान, बहुधा उघडी, वल्ह्यांनीं किंवा एखाद्या शिडानें चालणारी नाव. मोठें असेल तें 'शिप'. त्यांच्यांत एक ठोकताळाच आहे कीं, शिपावर बोट ठेवतां येते, बोटीवर शिप ठेवतां येत नाहीं. किनाऱ्यावरची सामान्य माणसें हा भेद पाळीत नाहींत हें खरें. आणि खुद्द नाविकही पाणबुडीला, ती कितीही मोठी असली तरी, बोटच म्हणतात. जर्मनांच्या 'यू-बोटी' पहिल्या महायुद्धांत जगाला माहीत झाल्या त्या ह्याच नांवानें. शिवाय इंग्रजी जेवणाच्या मेजावर रस्सा वाढण्याचें होडीच्या आकाराचें भांडें असतें, तेंही बोट. ख्रिस्ती देवळांत धूप ठेवण्याचें तशाच आकाराचें पात्र, तेंही बोट. संकट सर्वांवर सारखेंच असलें म्हणजे इंग्रज म्हणतो, आपण सारे एकाच बोटींत आहों. इतका मोठा संसार असलेला हा शब्द. त्यांतून कोंकणानें एकच अर्थ उचलला, आणि तोही उलटा करून घेतला. रत्नागिरीस बोट म्हणजे समुद्रांतील सर्वांत मोठी वस्तु. धूर सोडीत येणारी, दूर खोल पाण्यांत नांगर टाकून उभी राहणारी. तिच्याकडे जाणारे जे लहान पडाव आणि होड्या, ज्यांना कोणत्याही इंग्रज खलाशानें बोट म्हटलें असतें, त्यांना रत्नागिरीकरानें बोट म्हटलें नाहीं.

ह्याचें कारण शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. लहान जागा सर्व भरलेल्या होत्या. होडी, डोणी, मचवा, पडाव, महागिरी, पगार, बतेला, गलबत, शिबाड, फत्तेमारी, गुराब, तारूं, तरांडें — हीं नांवें कोशांतलीं शोभेचीं नव्हेत. प्रत्येकाची घडण निराळी, काम निराळें. राजारामाच्या अमदानींत जिंजीस लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरींत शिवाजी महाराजांच्या आरमाराचें वर्णन येतें, तेथें गुराबा, तरांडीं, गलबतें, शिबाडें, पगार अशी वेगवेगळी गणना केलेली आहे. ज्या किनाऱ्यावर नावेच्या प्रत्येक जातीला स्वतःचें नांव आहे, तेथें आणखी एका लहान नावेचें परकें नांव घेऊन कोणी काय करावें?

हीं नांवें तरी सगळीं घरचींच होतीं असें नाहीं. गुराब अरबी, मूळ अर्थ कावळा. बतेला पोर्तुगीजांकडून आला. समुद्र हा शब्दांच्या बाबतींत फारसा सोंवळा कधींच नव्हता. आणि मौज अशी कीं, इंग्रजांनीं आपला शब्द कोंकणांत पाठविण्यापूर्वीं शंभर वर्षें कोंकणचे शब्द उसने नेले होते. कान्होजी आंग्रे आणि त्याचे मुलगे ह्यांच्या आरमाराची मुंबईच्या व्यापाऱ्यांना जी दहशत होती, ती त्यांच्या कागदपत्रांतून दिसतेच. पण ती त्यांच्या कोशांतही उतरली. गुराबेला ते 'ग्रॅब' म्हणूं लागले आणि गलबताच्या जातीच्या नावांना 'गॅलिव्हॅट'. ज्याची भीति वाटते त्याच्या शस्त्राचें नांव त्याच्याच भाषेंत शिकावें लागतें. फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन आणि क्लाइव्ह ह्यांनीं विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. पेशव्यांनीं त्या मोहिमेंत इंग्रजांना साथ दिली, ही गोष्ट मराठी माणसानें विसरूं नये अशा गोष्टींपैकीं आहे. आरमार गेल्यावर 'ग्रॅब' आणि 'गॅलिव्हॅट' हे शब्दही इंग्रजी व्यवहारांतून हळूहळू ओसरले. त्यानंतर ह्या किनाऱ्यावर शब्दांचा प्रवाह उलट वाहूं लागला.

वाफेचें यंत्र मुंबईच्या गोदीला फार लवकर ठाऊक झालें. 'ह्यू लिंडसे' हें वाफेवर चालणारें जहाज मुंबईस वाडियांच्या हातचें बांधून १८२९ सालीं पाण्यांत सोडलें गेलें, आणि मार्च १८३० मध्यें तें सुएझकडे निघालें. आगगाडी ह्या देशांत बोरीबंदराहून ठाण्यास धांवली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. म्हणजे मुंबईच्या माणसानें आग खाऊन चालणारी वस्तु प्रथम पाहिली ती रुळांवर नव्हे, पाण्यावर. अशा वस्तूला नांव हवें होतें. वाऱ्याशिवाय, शिडाशिवाय, वल्ह्याशिवाय चालणारें जहाज होडीच्या यादींतही बसेना आणि गलबताच्याही. तेव्हां लोकांनीं आपल्या घरचा 'आग' घेतला, इंग्रजांची 'बोट' घेतली आणि 'आगबोट' केली. आगपेटी, आगगाडी ह्या तिच्याच बहिणी. कोणा पंडितानें बसून हा शब्द घडविल्याचें दिसत नाहीं. तो धक्क्यावरचा शब्द आहे, आणि तसाच तो चोख आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोंकणच्या बंदरांत आगबोटींची नियमित ये-जा सुरू झाली. शेफर्ड कंपनीच्या आणि मग बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत गोव्याकडे जात. मग वापरानें शब्दाचा पुढला भाग झिजला. जिला दुसरी कोणी बोटच नाहीं, तिला 'आग' हें विशेषण कशाला? आगगाडीची जशी नुसती गाडी झाली, तशी आगबोटीची नुसती बोट झाली. पणजीस पोंचल्यावर मात्र तीच बोट 'वापोर' होई, कारण तेथें पोर्तुगीजांची भाषा वाफेला तसें म्हणे. एकाच जहाजाला वेंगुर्ल्यास इंग्रजी नांव आणि एका मुक्कामापुढें पोर्तुगीज. आंत बसलेल्या माणसाची बोली मात्र दोन्ही ठिकाणीं आपल्याच घरची.

ही बोट रत्नागिरीला काय होती, हें आजच्या प्रवाशाला समजावून सांगावें लागेल. सह्याद्रीचे घाट एका बाजूला, दुसऱ्या बाजूला दर दहा-वीस मैलांवर आडवी येणारी खाडी. मुंबईस पायवाटेनें जावयाचें म्हणजे सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री ह्यांच्या तरी ओलांडीत कित्येक दिवस घालवावयाचे. बोटीनें गेल्यास एका रात्रीचें काम. आणि मुंबईस जाण्यावांचून गत्यंतर नव्हतें. भातशेती तोकडी, घरांत खाणारीं तोंडें फार. १८८१ च्या खानेसुमारींत मुंबई शहरांत जीं माणसें मोजलीं गेलीं, त्यांपैकीं सव्वा लाखाच्या घरांत माणसें रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेलीं होतीं. गिरण्या, गोदी, पोलिस, घरगडी — मुंबईचें अंग ज्यांनीं चालविलें त्यांतला मोठा वांटा ह्या बोटींच्या डेकावर वळकटी पसरून गेला. उलट दिशेनें मनीऑर्डर, नवें लुगडें, मुलांचा खाऊ आणि क्वचित् वाईट बातमी, हींही बोटीनेंच येत.

सरकारलाही ही स्थिति ठाऊक होती. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा ह्याला ठेवण्यास रत्नागिरी निवडली गेली, ती रेल्वेपासून दूर, एका कोपऱ्यांतली जागा म्हणून. एप्रिल १८८६ मध्यें त्याला मद्रासहून येथें आणलें गेलें तें समुद्रमार्गानें. त्या सरकारी जहाजाचें नांव 'क्लाइव्ह'. विजयदुर्गापासून थोड्याच अंतरावर, विजयदुर्ग घेणाऱ्याच्या नांवाच्या जहाजांतून दुसरा एक राजा कैदी होऊन उतरावा, हा योगायोगच. परत नेणारें जहाज त्याच्यासाठीं आलें नाहीं. १९१६ सालीं तो येथेंच वारला.

ज्या शब्दावर इतकें अवलंबून असतें तो शब्द एका अर्थावर थांबत नाहीं. बोट ही प्रथम कालगणना झाली. मृगाचा पाऊस आला कीं समुद्र बंद, बोटी बंद. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस 'शेवटची बोट' ही एक तिथि होती, आणि पावसाळा ओसरल्यावरची 'पहिली बोट' ही दुसरी. ह्या दोन बोटींच्या मधले दिवस हे जणूं वर्षाबाहेरचे. पत्र आलेंच तर घाट उतरून फिरून येई. नवरा मुंबईस, बाई घरीं, आणि मध्यें तीन-चार महिने उसळता समुद्र. आजारी माणसाची खबर पोंचण्यापूर्वीं त्याचे दिवस होऊन जात. 'शेवटच्या बोटीनें गेले' ह्या साध्या वाक्यांत कोंकणांतल्या किती घरांचें दुःख आहे, हें व्याकरणाच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं. इंग्रजींत बोट चुकणें म्हणजे संधि दवडणें. तो अलंकार आहे. रत्नागिरीस बोट चुकणें म्हणजे खरोखरीच बोट चुकणें. सोमवारीं गिरणींत हजर न झालेल्या माणसाच्या जागीं दुसरा उभा असे.

दुसरा अर्थ पोटाचा. बोट लागते. इंग्रज म्हणतो समुद्रामुळें आजारी पडलों. मराठी माणसानें समुद्राला दोष दिला नाहीं, बोटीला दिला. समुद्र शेजारचा, पिढ्यान्पिढ्यांचा. होडींतून त्यावर जाणाऱ्याला तो लागत नव्हता. लागली ती ही नवी वस्तु, तिचा तेलकट वास, तिच्या पोटांतली धडधड आणि डेकाखालचा कोंडमारा. आणि ह्या नव्या दुखण्यासाठीं क्रियापद मात्र अस्सल जुनें. ऊन लागतें, नजर लागते, परमुलखाचें पाणी लागतें, तशी बोट लागते. बोट धक्क्यालाही लागते आणि माणसालाही लागते. प्रत्यय एकच, क्रियापद एकच, पण पहिलीनें प्रवास संपतो आणि दुसरीनें नकोसा होतो. धक्का हा शब्दही असाच दुहेरी आहे, आणि भाऊच्या धक्क्यावरच्या गर्दींत त्याचे दोन्ही अर्थ एकदमच अनुभवास येत. लिंबू, आवळासुपारी, आल्याचा तुकडा हीं औषधें पदरीं बांधून निघणाऱ्या आयाबायांनीं शब्द असा पक्का मुरविला कीं, तो परका आहे हें कोणाच्या ध्यानींमनींही राहिलें नाहीं.

तिसरा अर्थ नोकरीचा. 'थोरला कोठें असतो?' 'बोटीवर असतो.' येथें बोट म्हणजे मुंबईची नव्हे. एडन, लंडन, सिंगापूर अशा दूरच्या बंदरांना जाणारें कोणतेंही जहाज. रत्नागिरी जिल्ह्यांतील खाडीकांठच्या गांवांतून, विशेषतः मुसलमान वस्त्यांतून, कित्येक पिढ्या खलाशी परदेशी जहाजांवर गेले. त्यांच्या घरीं बोट हें स्थळाचें नांव होतें. पुण्यास असणें, मुंबईस असणें, तसें बोटीवर असणें. ज्या गांवाचा पत्ता सांगतां येत नाहीं असें तें गांव.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत ह्याच रत्नागिरींत परक्या शब्दांची झडती सुरू झाली. १९२४ ते १९३७ पर्यंत विनायक दामोदर सावरकर ह्यांना ह्या जिल्ह्यांत स्थानबद्ध राहावें लागलें, आणि भाषाशुद्धीची चळवळ त्यांनीं येथूनच चालविली. दिनांक, क्रमांक, महापौर असे शब्द आज सरकारी कागदावर सहज दिसतात तें त्या चळवळीचें फळ. पुण्याच्या पंडितमंडळींत तिला विरोधही झाला. फारसीचे जाणकार माधव जूलियन ह्यांचें 'भाषाशुद्धिविवेक' १९३८ सालीं निघालें. ह्या वादांत कोणाची बाजू किती खरी, हा निराळा विषय. पण एवढें खरें कीं, चळवळ ज्या गांवांत होती त्याच्याच बंदरांत 'बोट' रोज येत राहिली आणि कोणी तिला 'नौका' म्हणून हांक मारली नाहीं. अगदीं नव्या वस्तूंबरोबर आलेल्या नांवांना त्या चळवळीनेंही थोडीफार सूट ठेविली होती. तशी ती नसती, तरी निकाल वेगळा लागला असता असें वाटत नाहीं. 'तारीख' काढून 'दिनांक' ठेवावयाचा तो कागदावर, आणि कागद शिकलेल्या माणसाच्या हातांत असतो. बोट पडाव वल्हविणाऱ्याच्या, हमालाच्या, डेकावर पोर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईच्या तोंडांत होती. त्यांच्याकडे शब्द बदलून मागण्यास कोण जाणार?

शब्दाचा मालकीहक्क मागितला गेला तो दुसऱ्याच बाजूनें. तुतिकोरिनास चिदंबरम् पिळ्ळे ह्यांनीं १९०६ सालीं स्वदेशी आगबोट कंपनी काढली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. कोंकणच्या किनाऱ्यावरही तसाच एक उद्योग उभा राहिला : इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. एवढें लांब नांव बंदरावर कोण घेणार? लोकांनीं तिला 'माझी आगबोट कंपनी' केलें. तिच्या बोटींना तुकाराम, रामदास अशीं संतांचीं नांवें होतीं, आणि त्यांच्या जोडीला ख्रिस्ती संतांचींही. 'आग' आपली, 'बोट' इंग्रजांची, आणि त्यांच्यापुढें 'माझी'. दुसऱ्याच्या बोटींतून तिसऱ्या वर्गानें जन्मभर गेलेल्या माणसाला तो एक सर्वनामाचा शब्द किती मोलाचा वाटला असेल!

पण समुद्र सर्वनामें पाहत नाहीं. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं 'जयंती' आणि 'तुकाराम' ह्या दोन्ही बोटी एकाच दिवशीं बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढ अमावास्येच्या दिवशीं, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' मुंबई बंदराच्या तोंडाशींच उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. सण गांठण्यासाठीं घरीं निघालेलीं तीं माणसें होतीं, आणि स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. रेवस रत्नागिरीपासून दूर. पण बोट सर्व कोंकणाची एकच. पुढें किती तरी वर्षें 'रामदास बुडाली त्या सालीं' असें म्हणून लोक जन्म आणि मृत्यु मोजीत. 'रामदास' हें नांव पुरुषाचें, संताचें. तरी ती बुडाली, तो नव्हे. शब्दानें आपलें लिंग तेवढ्या दुःखांतही सोडलें नाहीं.

त्यानंतर वाफ गेली, डीझेलचीं यंत्रें आलीं. 'आग' होती ती खरोखरीच विझली. खाड्यांवर पूल झाले, सडक झाली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबई-कोंकण बोटींची ती नित्याची उतारू-वाहतूक उरली नाहीं. २६ जानेवारी १९९८ पासून कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धांवूं लागली, आणि जेथें रेल्वे नाहीं म्हणून एका राजाला आणून ठेविलें होतें, तेथें स्टेशन झालें.

बोट मात्र रत्नागिरींत अजून आहे. मिरकरवाड्याच्या बंदरांत यंत्रावर चालणाऱ्या मासेमारी नावा दाटीनें उभ्या असतात, आणि त्यांना सगळे बोटच म्हणतात. जयगडाहून तवसाळास, दाभोळाहून धोपाव्यास मोटारींसकट माणसांना पलीकडे नेते ती फेरीबोट. म्हणजे मोठें जहाज गेल्यावर शब्द लहान नावेकडे वळला. इंग्लंडांतला जो अर्थ येथें दीडशें वर्षांपूर्वीं कोणी घेतला नव्हता, तो आतां येऊन बसला, कारण मचवा आणि महागिरी ह्यांच्या जागा रिकाम्या झाल्या. फेरीबोटींत बोट लागण्याइतका वेळ मिळत नाहीं. तें क्रियापद आतां आंबा घाटाच्या वळणावर, एस. टी. च्या मागल्या बांकावर ऐकूं येतें. तेथें मुलाला गाडी लागते, आणि शेजारची म्हातारी पिशवींतून आवळासुपारी काढून देते.